मेस्त्रेंचे कागद

चिराबाजार ते धोबीतलाव या पट्ट्यात कावेलचं, सोनापूरचं आणि दाबूळचं अशी तीन जुनी कॅथलिक चर्चं आहेत. पुढे जेर महाल लागतो. तिथेच फुर्टाडोचं वाद्यांचं दुकान आहे. या पेढीची सुरुवात १८६५ सालची. जपमाळा आणि चर्चला लागणाऱ्या वस्तूंपासून सुरू झालेला धंदा पुढे व्हायोलिन, पियानो आणि छापील स्वरलिपीपर्यंत पोचला. जेर महालातल्या आणि आसपासच्या जुन्या इमारतींत गोव्याच्या गावांनी चालवलेली ‘कूड’ आहेत. नोकरीसाठी, बोटीवर चढण्यासाठी किंवा बँडमध्ये वाजवण्यासाठी आलेल्या गावकऱ्याला तिथे झोपण्यापुरती जागा आणि ट्रंक ठेवण्यापुरता कोपरा मिळे. संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीसमोर सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची, हा रिवाज.

मुंबईच्या संगीताचा एक मोठा दप्तरखाना या ट्रंकांमध्ये होता. हाताने उतरवलेली स्वरलिपी, गावच्या सणासाठी रचलेली लॅटिन स्तोत्रं, गावाकडून आलेली पत्रं, वाद्यवृंदाचे छापील कार्यक्रम, मानधनाच्या पावत्या. एकेका वादकाचं सगळं आयुष्य त्या कागदांत मावे.

हे कागद जिथून निघाले ती जागा म्हणजे गोव्यातली चर्चची शाळा. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत आणि त्यांत मुलांना सोल्फा, म्हणजे स्वर वाचण्याची विद्या, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. शिकवणारा तो मेस्त्रे. ऑर्गन वाजवणं, गायकवृंद बसवणं, लग्नाला आणि मयताला हजर राहणं, चाळीस दिवसांच्या उपासकाळासाठी मोटेट नावाची शोकस्तोत्रं तयार करणं, ही सगळी कामं त्याच्याच गळ्यात. पैसा बेताचा, मान मोठा. लहान चर्चमध्ये नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नसे. तिथे पायाने भाता मारून वाजवायची पायपेटी असे.

हीच पायपेटी मराठी माणसाने नाटकगृहात ऐकली. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असत, थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर. चर्चमध्ये स्तोत्राला आधार देणारा लांब, न तुटणारा सूर नाट्यपदालाही भावला. रंगभूमीचा ऑर्गनवादक मात्र ऐकून वाजवी, आणि चर्चचा वाचून. पहिल्याचं काम कानांत राहिलं, दुसऱ्याचं कागदावर उतरलं. त्याच सुमारास याच शहरात भातखंडे हे घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत उतरवून घेत होते आणि १९०८ साली मुंबईत आलेलं पलुसकरांचं गांधर्व महाविद्यालय स्वरलिपीसह पुस्तकं छापत होतं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिका आजही विद्यार्थ्यांच्या हातात आहेत. मेस्त्रेंच्या वह्यांना छापखाना क्वचितच मिळाला.

अशी वही जवळून पाहण्यासारखी असते. तिच्यात बहुधा पूर्ण रचना एकत्र लिहिलेली नसते. पहिल्या व्हायोलिनचं पान वेगळं, क्लॅरिनेटचं वेगळं, बासचं वेगळं. यालाच पार्ट म्हणतात. एक पार्ट हरवला की बाकीच्यांनी तेवढ्या रचनेचा अंदाजच करायचा. उतरवणाऱ्याचं कौशल्य पान संपवण्यात दिसतं. वादकाला दोनचार मात्रांची विश्रांती आहे तिथेच पान संपलं पाहिजे, म्हणजे उलटायला हात मोकळा मिळतो. तशी सोय झाली नाही तर कोपऱ्यात ‘व्होल्ती सुबितो’, म्हणजे ‘झटकन उलटा’, अशी इटालियन सूचना. पानाचा खालचा कोपरा बोटांनी मऊ पडलेला, चुकलेल्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली. नाव पुष्कळदा नसतंच. ज्याच्या हाताला सगळं गाव ओळखतं, त्याला सही करायची गरज वाटत नसे.

म्हणून सोबतचे खासगी कागद मोलाचे. सणाची छापील पत्रिका तारीख सांगते, पत्र गाव सांगतं, पावतीवर नाव असतं. स्वरलिपीची वही आणि हे कागद वेगवेगळे झाले की वही अनाथ होते. युरोपातही हेच घडलं आहे. योहान सेबास्टियन बाख आधी चर्चचा ऑर्गनवादक होता, मग लाइपझिगच्या चर्चचा संगीतप्रमुख. १७५० साली तो वारल्यावर त्याची हस्तलिखितं वाटली गेली. मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने आपला वाटा जपला, थोरल्या विल्हेल्म फ्रीडमानने अडचणीच्या काळात कागद विकले. बाखच्या कितीतरी कँटाटा आज मिळत नाहीत. चेलोच्या सहा सुईट्स आपल्यापर्यंत आल्या त्या पत्नी आना माग्दालेना आणि इतरांनी केलेल्या प्रतींमुळे. त्यांची बाखच्या हातची प्रत सापडलेली नाही. बाखची ही गत, तर गोव्यातल्या सासष्टीच्या मेस्त्रेची काय असेल!

चर्चने घेतलेले निर्णयही या वह्यांच्या मुळावर आले. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी आदेश काढला: उपासनेत ग्रेगोरियन गायनाला पहिला मान, ऑर्गनला मुभा, पियानो आणि ढोलझांजांना बंदी, चर्चमध्ये बँड नको, इतर वाद्यांना बिशपची परवानगी हवी. गोव्यात व्हायोलिनच्या साथीतली मोटेट तरीही टिकली. खरा फरक पडला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या त्या परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडलं. कोकणी, मराठी, इंग्रजी स्तोत्रं आली. गिरगावातल्या किंवा दादरच्या भाविकाला आपल्या भाषेत प्रार्थना मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण लॅटिन शब्दांवर बेतलेल्या वह्यांची रोजची गरज सरली. वापरातला कागद आपोआप दुरुस्त होतो, नव्याने उतरवला जातो. वापरातून गेलेल्या कागदाला मुंबईची दमट हवा, कसर आणि वाळवी पुरेशी असते. जुनी लोहयुक्त शाई तर आतूनच कागद खाते. काही पानांवर स्वरांच्या जागी भोकंच उरतात.

चर्चमध्ये शिकलेली लिहिण्या-वाचण्याची कला मात्र तोवर धोबीतलावावरून दूरवर गेली होती. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात पहिलं कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांसह नाटक, झालं, तेही मुंबईतच. मूकपटाच्या पडद्यासमोरच्या खड्ड्यातला वाद्यवृंद, ताजमहाल हॉटेलातला जॅझ, १९३५ साली मेहली मेहता यांनी उभा केलेला बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा, सगळीकडे गोव्याचे वादक. बोलपट आले, मग परळचं राजकमल कलामंदिर, ताडदेवचा फेमस स्टुडिओ. संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवी. ती चाळीस-पन्नास वादकांना एका सकाळी वाजवता येईल अशी कागदावर मांडायची, तर अरेंजर हवा. शंकर-जयकिशनकडे हे काम सेबास्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांचे पार्ट म्हणजे मेस्त्रेच्या वहीचाच पुढचा अवतार. पण रेकॉर्डिंग संपलं की कागदाचं काम संपलं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अरेंजरचं नाव फार तर साहाय्यक म्हणून येई, आणि पार्ट जपून ठेवायची पद्धत पडलीच नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या सोनेरी काळाचा लिखित पुरावा असा रद्दीत जावा, ही आपल्या शहराच्या सांस्कृतिक इतिहासातली मोठी हानी आहे.

या साखळीचे सगळे दुवे एका माणसात दिसतात. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, गाव सासष्टीतलं माजोर्डा. वडील जोझे आंतोनियो गावच्या चर्चचे मेस्त्रे. अँथनी १९४३ साली मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अरेंजर झाले. लहानग्या प्यारेलाल शर्मांना, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालना, त्यांनी व्हायोलिन शिकवलं. पण त्यांचा जीव अडकला होता तो आपल्या रागांना सिम्फनीत बसवण्यात. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि धोबीतलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादकांना एकत्र बसवलं. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सारंगवर आधारलेला कॉन्चेर्टो, ‘सोनातीना इंडियाना’ अशा त्यांच्या रचना. सोल्फावर पोसलेला मेस्त्रेचा मुलगा आता सारंगाचे स्वर पाच रेघांवर मांडत होता, आणि चर्चच्या ज्या शिस्तीत बाप पार्ट उतरवत असे त्याच शिस्तीत!

१९६०च्या दशकाच्या मध्यावर ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतले ते माजोर्ड्यालाच. चित्रपटाकडे पुन्हा वळले नाहीत. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि या जोडीने संगीत दिलेल्या त्यातल्या गाण्यातून प्यारेलाल यांच्या गुरूचं नाव घराघरात पोचलं. कोट्यवधी लोकांना ते एका पात्राचं नाव वाटलं. मराठी चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यामुळे माणूस तरी नोंदला गेला. १८ जानेवारी २०१२ रोजी ते वारले.

या विषयात आता सगळ्यांत निकडीचं काम साधं आहे. चर्चच्या गायकवृंदाचं जुनं कपाट रिकामं करताना, कुडीतली बिनवारशी ट्रंक काढताना, दादर-माझगावचं जुनं घर मोडताना वह्या आणि पत्रं वेगळी करू नयेत. ज्याच्या घरातून निघाली त्याचं नाव आणि गाव पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहावं. सगळ्या पानांची छायाचित्रं घ्यावीत. पुढच्या जागाही आहेत. झेवियर्समधली हेरास संस्था १९२६पासून इतिहासाचं काम करते, गोरेगावला मुंबई आर्चडायोसीझचं वारसा संग्रहालय आहे, गोव्यात पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे.

जतन केलं तर काय हाती लागतं, याचं उदाहरण गोव्यातल्या ओर्लीचे मिकायल मार्तिन्श. १९१४ ते १९९९ हा त्यांचा काळ. स्वतः संगीतरचनाकार असलेल्या या माणसाने मांडो, दुलपद, देखणी अशी हजारो कोकणी गाणी गावोगाव फिरून स्वरलिपीत उतरवली. मुंबईत जन्मलेले पंडित जोझे परेरा यांनी आयुष्यभर त्यांना साथ दिली. मार्तिन्श गेले तरी कागद शाबूत होते, नीट लावलेले होते आणि वाचणाऱ्याच्या हाती होते. २००० सालापासून दिल्लीच्या प्रकाशकाने त्यांतून मांडोंची पुस्तकं काढायला सुरुवात केली. संपादनाला आंतोनियो द कोश्ता हेही होते. मुखपृष्ठावर मार्तिन्श यांचं नाव बाकीच्यांच्या बरोबरीने छापलं आहे.