कुंपणाशी उभा प्रेक्षक

इतिहास विजेत्यांची नावे जपतो. आम्हांला मात्र कुंपणाशी उभा असलेला प्रेक्षकही साक्षीदार वाटतो. लंडन ऑलिंपिकनंतर, १९४९ साली, ब्यूफोर्टच्या ड्यूकने इंग्लंडमधील आपल्या बॅडमिंटन येथील जहागिरीवर अश्वारोहणाची त्रिविध स्पर्धा प्रथमच भरवली. शिस्तबद्ध चाली, रानोमाळ दौड आणि मैदानातील अडथळ्यांवरील उड्या ही मुळात घोडदळाची परीक्षा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती लष्करी अधिकाऱ्यांपुरतीच होती. दौडीच्या दिवशी एका अडथळ्यापाशी उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक घोडा क्षणभरच दिसतो. पण त्या क्षणांतून काय दिसून गेले! १९५४ साली बॅडमिंटनला मार्गारेट हफ जिंकल्या. ऑलिंपिकमध्ये या प्रकारात स्त्री उतरली ती १९६४ साली. नियमावलीला जे दहा वर्षांनी उमगले, ते कुंपणापाशच्या गर्दीने आधीच पाहिले होते.