बाटली नवी, डाग जुना

गेल्या व्याख्यानात आपण नागसेन आणि मिलिंद राजा यांच्या रथापाशी थांबलो होतो. चाक म्हणजे रथ का? आख म्हणजे रथ का? सगळे भाग बदलले आणि नाव तेच ठेवलं, तर रथ तोच राहतो का? आज हाच प्रश्न एका ३० मिलिलिटरच्या बाटलीला विचारायचा आहे. हसू नका, प्रश्न खरोखर तोच आहे.

झालं असं, की आमच्या हातांच्या पाठीवर तपकिरी डाग आले आहेत. वयाचे, आणि त्याहून जास्त उन्हाचे. सूनबाईंनी डाग फिके करणारं सीरम आणून दिलं. पहिली बाटली दोन महिन्यांत चहासारखी तांबूस झाली. दुसरी आली, तिच्यावर लिहिलेलं: 'नवे सूत्र'. नाव तेच, खोकं तेच, आतलं द्रव्य वेगळं. मग आम्ही विचारात पडलो, की या 'नवे सूत्र' शब्दांमागे इतिहास काय आहे?

तो इतिहास प्रसाधनाच्या दुकानात सुरू होत नाही, तो कारखान्यात सुरू होतो. १९३९ च्या सुमारास अमेरिकेत चामडं कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठू लागले. तपास झाला, तेव्हा दोष त्यांच्या रबरी हातमोज्यांत सापडला. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोनच्या कुळातलं एक रसायन घातलेलं होतं. ते त्वचेतला रंग घालवत होतं. म्हणजे बघा, कामगाराच्या बाबतीत जी इजा होती, तोच गुण पुढे बाजारात विकायला आला.

हायड्रोक्विनोनची मलमं दक्षिण आफ्रिकेत फार खपली. जिथे कातडीच्या रंगावरून माणसाचं घर, शाळा, नोकरी ठरत होती, तिथे ती का खपली हे वेगळं सांगायला नको. १९७५ साली तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं, की दीर्घकाळ ही मलमं लावणाऱ्या स्त्रियांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत डाग येत आहेत. ऑक्रोनोसिस म्हणतात त्याला. उजळण्यासाठी लावायचं आणि काळवंडायचं. काळवंडलं म्हणून आणखी लावायचं. १९९० साली तिथे प्रसाधनांतल्या हायड्रोक्विनोनवर बंदी आली.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आता शास्त्र पुढे गेलं. ठीक आहे, मग जपान घ्या. कानेबो या कंपनीने रोडोडेनॉल नावाचा नवा घटक आणला. २००८ साली त्याला रीतसर सरकारी मान्यता मिळाली. त्वचेत मेलॅनिन तयार करणारं टायरोसिनेज नावाचं विकर असतं, त्याला अडवायचं, ही कल्पना. पण घडलं ते उलट. त्या विकरानेच काही जणांच्या त्वचेत या घटकाचं रूपांतर रंगपेशींना मारक अशा द्रव्यात केलं. चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे. जुलै २०१३ मध्ये कंपनीने ५४ उत्पादनं परत बोलावली. बाधितांचा आकडा १९,००० च्या वर गेला. मान्यता होती, प्रयोगशाळा होती, हेतूही वाईट नव्हता, बरं का.

मग प्रत्येक नवं सूत्र म्हणजे फसवणूक का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. क जीवनसत्त्वाचंच पाहा. ते पाण्यात विरघळलं की हवेशी आणि उजेडाशी संयोग होऊन तांबूस पडतं. आमच्या पहिल्या बाटलीचं तेच झालं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ते त्वचेत उतरायचं तर मिश्रण बरंच आम्ल हवं. पुढे २००५ साली त्यांनी दाखवलं, की ई जीवनसत्त्वासोबत फेरुलिक आम्ल घातलं तर ते जास्त टिकतं. इथे सूत्र बदललं त्याला कारण आहे आणि ते कारण तपासता येतं.

आपल्याकडे याच्या उलटंही घडलं. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं, पण नायसिनमाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, आत होतं तसंच राहिलं. एका ठिकाणी नाम स्थिर आणि रूप बदललं, दुसऱ्या ठिकाणी रूप स्थिर आणि नाम बदललं. दोन्ही वेळा गिऱ्हाईक मात्र नामच वाचतं.

आता आमची स्वतःची गोष्ट. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीच्या गालांवर वांग आले होते. घरात कांदेपोह्यांचे कार्यक्रम चालू होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक ट्यूब आणली गेली. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. महिन्याभरात चेहरा उजळला, सगळे खूश. पुढे कातडी पातळ झाली, ट्यूब थांबवली की चेहरा लालबुंद व्हायचा. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. ती ट्यूब कुणी आणली होती? आम्हीच. तेव्हा आम्ही ज्ञानमीमांसा शिकवत होतो. प्रमाण म्हणजे काय, ते वर्गात तासन्‌तास सांगत होतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं मात्र आम्ही वाचली नाहीत.

म्हणून या वेळी आम्ही घटकांची यादी भिंग घेऊन वाचली, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवली आणि सीरम फक्त डाव्या हाताला लावलं. उजवा हात तसाच ठेवला. बारा आठवडे सकाळी फिरताना दोन्ही हातांवर पूर्ण बाह्या. शेवटी डावा हात किंचित जास्त फिका दिसला, पण उजवाही फिका झाला होता. म्हणजे बरंचसं काम बाह्यांनी केलं, थोडंसं बाटलीने. एका माणसाचे दोन हात म्हणजे सिद्धान्त नव्हे, पण एवढं तरी दिसलं.

हे बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, एवढी चौकशी तेव्हा का नाही रे केलीस?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा डाग आम्हाला तिच्या गालावर दिसत होता. तो गालावर नव्हताच, पाहायला येणाऱ्यांच्या आणि आमच्याही नजरेत होता, आणि त्या नजरेचं सूत्र बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. बाटली हातात घ्याल तेव्हा दोन प्रश्न विचारा: आत काय बदललं? आणि हा डाग नक्की कुणाला खुपतो आहे? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतील. दुसऱ्याचं मात्र आपलं आपल्यालाच द्यावं लागतं.