रेल्वे आली नाही, सभागृह मात्र उभं राहिलं

अमेरिकेत कॅन्सस राज्यात निकोडेमस नावाचं एक चिमुकलं गाव आहे. आज तिथे मूठभर माणसं राहतात. पण गावच्या सभागृहाची गोष्ट वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

1877 साली दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना वालीच उरला नाही. त्याच वर्षी केंटकीतली काही कुटुंबं 'आपलं गाव वसवू' म्हणून कॅन्ससला निघाली. जाहिरातीत स्वर्ग होता. प्रत्यक्षात काय? उजाड माळ, ना झाड ना लाकूड. लोकांनी जमिनीत खड्डे खणून घरं केली. 1878 मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांनी 'गाव कुठंय?' म्हणून विचारलं, तर जमिनीतून निघणारा धूर दाखवण्यात आला. बाईंना रडूच कोसळलं.

तरीही दहा वर्षांत शाळा, चर्च, हॉटेल, दुकानं उभी राहिली. मग रेल्वेचा प्रश्न आला. गावाने 16,000 डॉलरचे रोखे द्यायचं मतदानाने ठरवलं. पण 1888 मध्ये रेल्वे गेली ती नदीपलीकडून. व्यापारी दुकानं उचलून रुळांजवळच्या बोगला गेले. असं झालं की गाव संपतं, हा आपलाही अनुभव आहे.

आता खरी गंमत बघा. गावचं सभागृह या भरभराटीच्या काळातलं नाहीच! ते बांधलं 1939 मध्ये, म्हणजे रेल्वे हुकल्यावर पन्नास वर्षांनी. महामंदी आणि दुष्काळाने शेतकरी पिचले होते. रूझवेल्ट सरकारने हाताला काम देणारी योजना काढली होती. आपली रोजगार हमी आठवा. त्या योजनेतून चुनखडीच्या दगडाची ही इमारत झाली. सभा, जेवणावळी, कार्यक्रम सगळं तिथेच.

1953 मध्ये पोस्टही बंद झालं. सभागृह राहिलं. 1996 मध्ये गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं, आणि पाहुण्यांना माहिती देणारं केंद्र याच इमारतीत सुरू झालं. दर वर्षी जुलैअखेरीस मुक्तिदिनासाठी गावची पांगलेली लेकरं दूरदूरच्या शहरांतून परततात. आपल्याकडे चाकरमानी जत्रेला गावी येतात ना, तसंच.

आपल्याकडे निधी आला की समाजमंदिर होतं, उद्घाटनाची पाटी लागते आणि मग कुलूप. चावी कुणाकडे, हेही कुणाला ठाऊक नसतं. निकोडेमसला निधी सरकारचाच होता, पण दार उघडं ठेवणारी माणसं गावची होती. माझ्या मते फरक एवढाच आहे.

तुमच्या गावच्या समाजमंदिराची चावी कुणाकडे आहे? एकदा विचारून बघा.