घाटमाथ्यावरील हिरडा

कोल्हापुराहून पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटर गेलें असतां गगनबावडें लागतें. येथून एक वाट करूळ घाटानें व दुसरी भुईबावडा घाटानें कोंकणांत उतरते. हा मुलूख पूर्वीं पंत अमात्यांच्या जहागिरीचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवाशीं निगडित असलेलें 'आज्ञापत्र' (१७१५) रयतेच्या आंब्याफणसांस तिच्या राजीखुशीवांचून हात लावूं नये असें बजावतें, हें वाचकांस ठाऊक असेलच. परंतु येथील रानाला दूरदेशींची बाजारपेठ दाखविली ती आंब्याफणसानें नव्हे, हिरड्यानें.

वैद्य त्यास हरीतकी, अभया, पथ्या अशीं गौरवाचीं नांवें देतात. चरकाच्या चिकित्सास्थानांत रसायनांचा आरंभच त्याच्यापासून होतो, आणि तिबेटी भैषज्यगुरु बुद्धाच्या हातीं हेंच फळ दाखवितात. व्यापाऱ्याची दृष्टि निराळी. कोंवळा वाळलेला तो बाळहिरडा, पूर्ण वाढलेला तो सुरवारी, एवढें त्यास पुरे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील चर्मकारांस फळांतील टॅनिन हवें होतें, औषध नव्हे. त्यांनीं मालाच्या प्रती बंदरांच्या व पेठांच्या नांवांनीं ओळखल्या. त्यांपैकीं एक 'वेंगुर्ला'. म्हणजे ज्या फळास आमच्या आजीबाई बटव्यांत जपून ठेवीत, तें परदेशीं बुटांच्या कामीं येत होतें!

आतां तेंच फळ त्रिफळेच्या वड्यांच्या व कॅप्सुलांच्या रूपानें पुन्हा आरोग्याच्या नांवानें विकलें जातें. १९९४ च्या अमेरिकन कायद्यानें अशा मालास 'आहारपूरक' ठरवून, विक्रीपूर्वीं गुण सिद्ध करण्याचा औषधांवरील भार त्यावर ठेविला नाहीं. आम्हांस खटकतें तें इतकेंच कीं, या स्थित्यंतरांत ग्रंथांतील पथ्यापथ्य मात्र गळून पडलें. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें हिरडा ऋतूप्रमाणें सांगितला आहे: वर्षांत सैंधवाबरोबर, शरदांत साखरेबरोबर, हेमंतांत सुंठीबरोबर, शिशिरांत पिंपळीबरोबर, वसंतांत मधाबरोबर आणि ग्रीष्मांत गुळाबरोबर. गगनबावड्यासारख्या धुवांधार पावसाच्या गांवीं या ऋतुभेदाचा अर्थ कोणासही समजावून सांगावा लागत नाहीं. वाटचालीनें थकलेला, कृश, उपवासानें क्षीण झालेला, पित्ताधिक व गर्भवती यांस हिरडा देऊं नये असेंही तोच बजावतो. बाटलीवरच्या चिठ्ठीस मात्र बारा महिने सारखेच आणि गिऱ्हाईकही सारखेंच.

शुद्धतेचा प्रश्न तर याहून गंभीर. २००४ सालीं बोस्टन परिसरांतील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकीं १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल आढळला. हा कांहीं हिरड्याचा दोष नव्हे. परंतु घरीं सहाणेवर उगाळलेला हिरडा आपण डोळ्यांनीं पाहत होतों, आणि भुकटी झाल्यावर काय मिसळलें तें डोळ्यांस दिसत नाहीं, हा भेद सुशिक्षित कुटुंबांनीं ध्यानीं घ्यावा. वैद्याचा सल्लाही, आमच्या मतें, चिठ्ठीपेक्षां स्वस्त पडतो.

राहतां राहिला वेंचणारा. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वननिवासींस गौण वनोपजावर मालकी दिली, आणि हिरडा हें तसलेंच उपज आहे. चर्मकारांच्या प्रतींत वेंगुर्ल्याचें नांव तरी होतें; आजच्या बाटलीवर कारखान्याचा पत्ता बारीक अक्षरांत सांपडतो, रानाचा सांपडत नाहीं.