सशाची पेटी, गडावरचा केर आणि चवदार तळे : दुर्गंधीच्या इतिहासाचा एक धागा

१/ पनवेल-अलिबागच्या सदनिकांत आता ससे पाळले जातात आणि त्यांच्या पाठोपाठ एक प्रश्न घरात शिरतो: पेटीचा वास. प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण प्राण्यांची व माणसांची विष्ठा वस्तीत असताना हवा व पाणी शुद्ध कसे राखावे, हा रायगड किनाऱ्यावरच्या दुर्गांचा, गोठ्यांचा आणि गावांचाही प्रश्न होता. त्याची उत्तरे कोणी दिली आणि त्यांची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

२/ प्रथम सशाविषयी. आपल्या माळरानावरचा ससा आणि घरातला पाळीव ससा या दोन भिन्न जाती आहेत. आपला रानससा बीळ खणत नाही, तो गवतात दबून बसतो आणि कधी माणसाळलेला नाही. पाळीव ससा आयबेरियन द्वीपकल्पातल्या, बिळात कळपाने राहणाऱ्या सशाचा वंशज. हे ससे आपल्या हद्दीत ठरावीक जागीच विष्ठा टाकतात व तिच्या गंधाने हद्द सांगतात. म्हणजे शौचाची जागा ठरवण्याची खोड त्याच्या रक्तातच आहे. घरातली पेटी केवळ या खोडीचा लाभ घेते.

३/ सशाच्या कोरड्या लेंड्यांना फारसा वास नसतो. वास येतो तो मूत्राचा, आणि तोही ताज्या नव्हे, साचलेल्या मूत्राचा. मूत्रातील युरियाचे विघटन जीवाणू करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. घोड्याची पागा, गुरांचा गोठा, सार्वजनिक मुतारी, सशाची पेटी, सर्वांचे रसायन एकच. या वायूवर माणसाने योजलेले उपाय ढोबळमानाने चार: जाळणे, शोषून घेणे, आम्लाने बांधणे आणि दूर वाहून नेणे.

४/ जाळण्याचा उपाय आपल्याकडे राजनीतीच्या ग्रंथात नोंदला गेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त (इ. स. १७१५) दुर्गांवरील प्रकरणात स्वच्छतेचा स्पष्ट दंडक आहे. त्याचा आशय असा: गडाच्या वाटांवर, बाजारात, तटालगत केरकचरा पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली लोटून न देता जागोजाग जाळावा, आणि ती राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला पिकवावा.

५/ या तीन सूचनांतला मधला भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. गडावरून कचरा खाली ढकलणे ही सर्वांत सोपी गोष्ट. खोल कडा, कष्ट शून्य. तरीही ते वर्ज्य ठरवले आहे. सूचनांचा क्रम पाहिला तर त्यामागचा हिशेब उमगतो: केर जळला की कुजणारे द्रव्यच उरत नाही, उरलेल्या राखेत पालाश असते, परसात भाजी झाली तर वेढ्याच्या काळात ताटात काही पडते. घाण नजरेआड करून न थांबता तिचे रूपांतर करणारी ही व्यवस्था आहे.

६/ एवढी काटेकोर दृष्टी का हवी होती? उत्तर पाण्यात आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एकाच झऱ्यावर विसंबू नये, असेही आज्ञापत्र बजावते. डोंगरी किल्ल्याचे पाणी म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी. रायगडाचा गंगासागर घ्या किंवा कोणतेही खडकातले टाके घ्या; उतारावरची घाण पहिल्याच सरीला तेथे पोहोचणार. शत्रूला तोफ डागावीही लागणार नाही. शिबंदी आजारी पडली की गड आपोआप पडतो.

७/ सागरी किल्ल्यांत हा धोका अधिक टोकदार. भरतीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्याभोवती चहूकडे खारे पाणी असते आणि आत गोड्या पाण्याचे तळे. मुरुडच्या जंजिऱ्यात सिद्दींनी राखलेले दोन मोठे गोडे तलाव आहेत. मराठे व सिद्दी पिढ्यानपिढ्या एकमेकांचे वैरी, पण दोघांचेही जीवित त्याच गोष्टीवर टांगलेले: तटाच्या आतले ते थोडके पाणी नासू नये. रायगडावर राणीवशाच्या दालनांना जोडून बांधलेले शौचकूप आजही पाहता येतात. शौचाची जागा ठरवून ती बांधून काढणे हा दुर्गबांधणीचाच एक भाग होता.

८/ दुसरा उपाय शोषण्याचा, आणि तो ग्रंथात शोधावा लागत नाही. तो कोकणच्या गोठ्यात आहे. गोठ्यात गुरांखाली पातेरा, म्हणजे वाळलेली पाने, अंथरायची. पाने मूत्र शोषतात, जमीन कोरडी राहते, वास दबतो. भिजलेला थर शेणासह उकिरड्यावर जातो, त्याचे खत होते, खत भातखाचरात जाते. राब भाजतानाही पालापाचोळा व शेण यांचाच उपयोग होतो. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की काहीच वाळत नाही. म्हणून पातेरा पावसाआधीच गोळा करून ठेवावा लागतो.

९/ हा उपाय लागू पडण्याचे कारण शास्त्रीय आहे. वाळलेली पाने, पेंढा, लाकडाचा भुसा यांत कार्बन विपुल असतो, मूत्रात नत्र. दोन्ही एकत्र आले की सूक्ष्मजीव ते नत्र आपल्या वाढीसाठी वापरतात आणि अमोनिया होऊन हवेत उडणारा भाग घटतो. अंथरूण जितके कोरडे व जितक्या वेळेवर बदललेले, तितका वास कमी. आज सशाच्या पेटीत कागदाच्या वा लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या आणि वर सुके गवत घालतात, ते या पातेऱ्याचेच नागरी रूप.

१०/ युरोपने हेच तत्त्व एकोणिसाव्या शतकात पेटंट करून घेतले. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवावे लागले. दुर्गंधीनेच रोग होतो, असा तेव्हा समज होता. १८६० मध्ये डॉर्सेट परगण्यातील हेन्री मूल नावाच्या धर्मोपदेशकाने 'मातीच्या शौचकुपा'चे पेटंट घेतले. कोरडी चाळलेली माती विष्ठेवर पडली की काही आठवड्यांत वास नाहीसा होतो, हे त्याचे निरीक्षण. ही पद्धत लवकरच हिंदुस्थानातील तुरुंगांत व छावण्यांत पोहोचली.

११/ पाळीव प्राण्यांची पेटी याच परंपरेत येते. अमेरिकेत मांजरांच्या पेटीत पूर्वी वाळू किंवा चुलीतली राख घालत. १९४७ मध्ये मिशिगनमधील एडवर्ड लो याने त्याऐवजी शोषक चिकणमाती देऊ केली आणि त्यातून एक मोठा व्यवसाय उभा राहिला. मात्र मांजराची, ओली होताच गोळे धरणारी माती सशासाठी धोक्याची. ससा पेटीत बसून चारा खातो, ती माती पोटात गेली तर आतडे तुंबू शकते.

१२/ येथे एक प्रश्न येतो: राख इतकी गुणाची, तर सशाच्या पेटीत का घालू नये? याचे उत्तर कल्हईवाल्याच्या सामानात आहे. त्याच्याकडचा नवसागर चुन्याबरोबर तळहातावर चोळला की नाकात झोंबणारा वास येतो. चुना अल्क आहे. तो नवसागरातला अमोनिया मोकळा करतो. लाकडाची राखही अल्कच. मैल्यावर टाकली तर ती ओल शोषते, माश्या दूर ठेवते, जंतूंना मारते; साचलेल्या मूत्रावर टाकली तर उलट अमोनिया उसळतो. शिवाय सशाच्या पावलांनाही ती झोंबते. आज्ञापत्र राख परसात पाठवते, निजायच्या जागी नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

१३/ म्हणून तिसरा उपाय आम्लाचा. सशाच्या मूत्रात कॅल्शियमचे क्षार पुष्कळ असतात. पेटीच्या तळाला पांढरे कीट धरते आणि वास त्यात मुरतो. साबणाने ते निघत नाही. पाणी मिसळलेला व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवला की कीट विरघळते आणि उरलेला अमोनियाही बांधला जातो. चिंच-आमसुलाने भांडी घासणाऱ्या घराला आंबटाचा गुण नव्याने सांगायला नको. मात्र मूत्रावर ब्लीच ओतणे टाळावे. त्यातून विषारी वायू निर्माण होतो.

१४/ चौथा उपाय वाहून नेण्याचा, आणि येथे इतिहास रसायनापाशी थांबत नाही. हेन्री मूलची माती विष्ठेवर पडत असे यंत्राने. पण हिंदुस्थानी तुरुंगांतून आणि शहरांतून ती विष्ठा टोपल्यांत भरून नेत असत माणसे, आणि कोणत्या जातींची माणसे हे जन्मानेच ठरलेले होते. मुंबईत त्यांना हलालखोर म्हणत. एका घराचा वास नाहीसा व्हावा म्हणून तो दुसऱ्याच्या अंगावर चढवला गेला. ही प्रथा बंद करण्यासाठी कायदे करावे लागले ते १९९३ आणि २०१३ मध्ये.

१५/ आणि या हिशेबाचा सर्वांत कठोर पुरावा याच जिल्ह्यात आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, त्या तळ्यावर माणसांच्या स्पर्शाने विटाळ झाल्याचे ठरवण्यात आले.

१६/ त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. १०८ घागरी पाणी काढून त्यात पंचगव्य, म्हणजे शेण व गोमूत्रही, मिसळून ते पुन्हा तळ्यात ओतले. आज्ञापत्राच्या कसोटीवर हे पाहावे. तेथे प्रश्न होता: पाण्यात काय पडते? येथे प्रश्न झाला: पाण्याला कोणाचा हात लागतो? पहिला प्रश्न आरोग्याचा, दुसरा सत्तेचा. पण दोहोंना शब्द एकच, 'शुद्धी'. हा हक्क न्यायालयात पक्का व्हायला १९३७ उजाडले.

१७/ स्वच्छतेच्या इतिहासाकडे पाहताना म्हणून दोन प्रश्न नेहमी वेगळे ठेवावेत. एक, घाणीचे खरोखर काय झाले: ती जळली, मुरली, खत झाली, की केवळ दृष्टीआड गेली? दोन, ती कोणाच्या हातांनी गेली? गडावरचा जळलेला केर आणि गोठ्यातला पातेरा पहिल्या प्रश्नाचे चांगले उत्तर देतात. दुसरा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला आपल्या नगरपालिकेपुढे आणि आपल्या घरातही नव्याने विचारावा लागतो.

१८/ सशाच्या पेटीपुरते सांगायचे तर सूत्र लहानच आहे. पेटी कोरडी, अंथरूण कार्बनचे, भिजलेला थर रोज काढलेला, कीट आम्लाने धुतलेले, खोलीत हवा खेळती. आणि काढलेला तो थर? कागदाचा, लाकडाचा वा गवताचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून जिन्याखाली ठेवू नका. तो दुसऱ्या दिवशी कोणीतरी उघड्या हाताने उचलतो. कुंडीत किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाका. रायगडच्या मातीत हा पायंडा जुना आहे. (धागा समाप्त)