बाबा पदमनजी : उपदेशकाची लेखणी

चिकलठाण्यावरून पूर्वेस निघालेला रस्ता आपणांस जालन्यास नेऊन पोहोचवितो. एकोणिसाव्या शतकात त्याच जालन्याच्या परिसरात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. त्यांच्याच फ्री चर्च मिशनात पुढे आणखी एक मराठी गृहस्थ धर्मोपदेशक झाले; ते बाबा पदमनजी. शेषाद्रींनी गाव वसविले, बाबांनी ग्रंथ रचले. या ग्रंथकाराला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कोठे बसवावयाचे, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ज्या १८३१ साली निघाला, त्याच साली बाबांचा जन्म बेळगावास झाला. मुंबईस शिकत असता ते परमहंस सभेत वावरले. जातिभेद मोडावयाचा, पण गुपचूप, ही त्या सभेची रीत. बाबांना ती पुरली नाही. १८५४ साली बेळगावास त्यांनी उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे ते शिक्षक झाले, पुण्यास उपदेशक झाले, ‘ज्ञानोदया’चे संपादक झाले. लहानमोठी शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १८६० साली ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा कोश, १८६३ साली मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप आणि १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. ही यादी पाहिली म्हणजे हे एकाच माणसाचे काम, यावर सहसा विश्वास बसत नाही.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे धाडस १८५७ सालचे. त्या वर्षी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी संमत झाला होता. मात्र कायदा झाला म्हणून घरातील रीत बदलत नाही. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते आणि वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, ऐकते. मग तोच घाला तिच्यावर पडतो. जी कालपर्यंत पाहणारी होती, ती आज भोगणारी होते. अखेरीस ती एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून या पुस्तकाचे नाव घेतले जाते. पण नाव घेऊन पुष्कळजण तेथेच थांबतात. हा प्रचार आहे, वाङ्मय नव्हे, असा त्यांचा अभिप्राय असतो.

या आक्षेपात तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. कथा रंगात आली की मध्येच उपदेशक उठून उभा राहतो आणि शेवट तर त्याच्याच हाती जातो. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चारच वर्षांनी, १८६१ साली, हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि मराठी कादंबरी दीर्घकाळ अद्भुताच्या रानात रमली. शेजारच्या घरातील विधवेकडे तिने पुन्हा डोळे भरून पाहिले ते हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये, म्हणजे १८९० नंतर. हरिभाऊही सुधारणेच्या तळमळीनेच लिहीत होते. त्यांची तळमळ आपण गुण मानतो. मग बाबांची तेवढी दोष का? कलेच्या दृष्टीने हरिभाऊ श्रेष्ठ, हे निर्विवाद. परंतु माप एकच असावे. धर्म निराळा म्हणून तराजू निराळा, हा न्याय नव्हे.

आमच्या दृष्टीने बाबांचे कोश आणि त्यांची कादंबरी ही दोन कामे नव्हेत. कोशकार लोकांच्या तोंडचा शब्द टिपतो. कादंबरीकाराने ज्यांना तोंड उघडण्याची मुभा नव्हती त्यांचे शब्द टिपले. १९०६ साली बाबा निवर्तले. त्यांचा धर्म ज्याला पटेल त्याला पटो, न पटेल त्याला न पटो. त्यांनी लिहिलेली मराठी मात्र आपल्या सर्वांच्या घरची आहे. तिला उंबरठ्यावर तिष्ठत ठेवणे आपणांस शोभणार नाही.