बिबट्याचं इंजेक्शन आणि आपला आरडाओरडा

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे तुम्हाला माहीत असेलच. फार तर कुत्री आत शिरू नयेत म्हणून एखादी फळी टेकवलेली. पण हा नेवासा तालुका उसाचा, आणि उसात बिबट्या असतो. तो वस्तीत अडकला की सगळे म्हणतात, "इंजेक्शन मारा, लगेच पडेल." तो लगेच का पडत नाही? त्यासाठी १९६२ सालात जावं लागेल.

त्या वर्षी जर्मनीच्या बायर कंपनीत झायलाझिन तयार झालं, माणसाचा रक्तदाब कमी करायला. पण माणसाला त्याने फारच गुंगी यायची, म्हणून ते मागे पडलं. पशुवैद्यांना मात्र नेमकं तेच हवं होतं. त्याच वर्षी अमेरिकेत काल्विन स्टीव्हन्स यांनी केटामिन बनवलं. आज बिबट्यासाठी बऱ्याचदा ही दोन्ही एकत्र वापरतात.

आता गंमत बघा. मेंदू जागा ठेवायला चेतापेशी नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडतात. ते पुरेसं झालं की त्याच पेशीवरचा अल्फा-२ ग्राही 'आता बास' असा निरोप देतो. झायलाझिन हाच निरोप खोटा देतं. गायीवर त्याचा परिणाम घोड्यापेक्षा सुमारे दहापट जास्त होतो, म्हणून घोड्याचा डोस गायीला देणं जिवावर बेतू शकतं. केटामिन वेदना आणि भान तोडतं, पण स्नायू ताठ ठेवतं आणि डोळे उघडेच राहतात. झायलाझिन स्नायू सैल करतं. म्हणून ही जोडी.

पण घाबरलेल्या जनावराच्या अंगात ही उत्तेजक रसायनं आधीच उसळलेली असतात. नळ बंद केला तरी सांडलेलं पाणी राहतंच ना? शांत प्राण्यालाही गुंगी यायला काही मिनिटं लागतात. भोवती शिट्ट्या आणि मोबाइल घेतलेली गर्दी असेल तर औषध नीट लागतच नाही. मग पुन्हा डोस द्यावा लागतो आणि श्वास अडकण्याचा धोका वाढतो. किंवा अर्धवट गुंगीतला बिबट्या गर्दीवरच झेपावतो.

आपल्याच जिल्ह्यात, अकोल्याच्या शेतशिवारात विद्या अत्रेय यांनी अभ्यास करून दाखवलं, की बिबटे माणसांच्या इतक्या जवळ राहूनही सहसा टाळूनच वावरतात. त्यामुळे पुढच्या वेळी बिबट्या दिसला तर मागे सरका, गप्प राहा, वाट मोकळी ठेवा. इंजेक्शन मारणाऱ्याला तुमची एवढीच मदत लागते.